एका पोत्यातली बेडगी आणि गॅलरीतली दहा तोंडं

ऐरोलीकरीण

नमस्कार मंडळी. इथे मिरचीचा धागा काढला की चार प्रतिसादांत गाडी मसाल्याच्या प्रमाणावर जाते, यावेळी प्लीज तसं नको. मला मिरचीच्या दिसण्याबद्दल विचारायचंय. आकार, साल, सुरकुत्या, रंग, झाडावर ती लोंबते की वर तोंड करून बसते, हे सगळं.

झालंय असं की दर उन्हाळ्यात वाशीच्या मसाला मार्केटमधून आम्ही बेडगी आणतो, देठं काढताना पाटीत खाली ज्या बिया पडतात त्या मी कुंड्यांत टाकून दिल्या होत्या, म्हटलं आली तर आली. आली. आता फळं धरलीत आणि एका झाडाचं दुसऱ्याशी पटत नाही. एकाला लांब, सुरकुतलेल्या, अगदी बेडगी म्हणावं अशा. त्याच्या शेजारी बोटाएवढ्या, गुळगुळीत आणि चकचकीत. तिसऱ्याला आखूड आणि पोट सुटलेल्या. आणि एक महाशय तर सगळी फळं झुपक्यात, आभाळाकडे तोंड करून. एकाच्या खोडाच्या सांध्यांवर जांभळे पट्टे आहेत, बाकीच्यांना नाहीत. पोतं एकच हो, व्यापारीही नेहमीचा.

तर जाणकारांनी सांगा, हे नक्की काय प्रकरण आहे. लहान मिरची जास्त तिखट हे खरं का? सुरकुत्या आणि रंग यांचा तिखटपणाशी काही संबंध असतो का? आणि घरात असं मत पडलंय की भोपळी मिरचीची कुंडी मी शेजारी ठेवली म्हणून बेडगी बिघडली. यावर निकाल हवाय, जमल्यास माझ्या बाजूने.

फोडणी

फोटो कुठायत? आणि धाग्यात भोपळी आली म्हणजे भांडण नक्की, बसलो मी चहा घेऊन.

मी_पुणेरी_पण_ठाण्यात

यात विचारायचं काय आहे. जितकी लहान तितकी तिखट. लवंगी बघा, मग भोपळी बघा. विषय संपला.

घाटावरचा

पुणेरी साहेब, विषय इतक्यात संपत नाही. आमच्याकडची संकेश्वरी पाहिली नाहीत का कधी? चांगली लांब, सडपातळ, आणि तिखट असं की भाकरीबरोबर नुसतं तिखट-तेल घेतलं तरी कानातून धूर. गडहिंग्लजच्या बाजारात जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन उभे राहा, ठसक्यानेच कळेल. आणि बेडगी कुठली, तर हावेरी जिल्ह्यातली, संकेश्वरहून हायवेने तीनचार तास. तीही लांब, तीही लाल, पण तिखट म्हणाल तर पोरंसुद्धा खातील. लांबी सारखी आणि तिखटपणा दोन टोकांचा, तुमचा नियम इथेच आडवा होतो. दिवे घ्या, म्हणजे गमतीने घ्या.

धागाकर्तीला: बेडगीतच दोन जाती असतात, डब्बी आणि कड्डी. कड्डी म्हणजे लांब, काडीसारखी, बिया कमी आणि तिखटपणाही कमी. डब्बी आखूड, फुगीर, बिया जास्त, जरा तिखटही जास्त, आणि रंगाला-वासाला तिलाच भाव. तुमच्या कुंडीतली पोट सुटलेली त्यातली असू शकेल. पण उभी वाढणारी बेडगी मी आयुष्यात बघितली नाही, तो पाहुणा कुठला ते बोकड्या सांगेल, आला की.

चेंदणीची_चिंबोरी

मसाल्यावर बोलू नका सांगितलंय पण मिरची दिसते कशी ते आमाला मसाल्यामुलंच कलतं, त्याला काय करू 😀

आमच्या कोलीवाड्यात मसाल्याला एक मिरची कोणी घेत नाय. रंगाला बेडगी, काश्मिरी. तिखटाला संकेश्वरी नायतर लवंगी, हल्ली तेजा पण घेतात. आन् दाटपणाला रेशमपट्टी, ती रुंद आन् जाड सालीची. माझी आय हातात धरून सांगायची कुठली कुठून आली, नाव वाचायला लागायचं नाय. बेडगी कडक उन्हात तापली की चुरचुर आवाज करून मोडते, सुरकुत्यांवर बोट फिरवलं की कलतं. गुंटूरची सपाट, गुलगुलीत, साल जाड. लवंगी मुठीत घेतली की मुठीतच राहते.

आन् एक, देठ बघा देठ. देठ हिरवट आन् घट्ट असेल तर माल यंदाचा. फटकी म्हंजे पांढरी पडलेली एक जरी दिसली तरी पोत्यात खालपर्यंत हात घाला, वरचा माल नेहमी चांगलाच असतो.

फोडणी

ताई 'मसाल्यामुळे कळतं' हे वाक्य धाग्याचं ब्रीदवाक्य करा.

बोकड्या

आलो. पनवेलला नर्सरीत दिवसभर मिरचीचीच रोपं हाताळून घरी येऊन पुन्हा मिरचीच, पण विषय आवडीचा आहे म्हणून लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आधी भोपळीचा निकाल, कारण घरात शांतता महत्त्वाची. शेजारच्या भोपळीचे परागकण तुमच्या बेडगीच्या फुलावर पडले तरी या वर्षी जे फळ धरतं त्याची साल, आतला पांढरा गाभा, सगळं आईच्या झाडाचंच असतं. बापाची भेसळ फक्त बियांत असते. ती बी पेरलीत की पुढच्या झाडावर काय ते दिसेल. म्हणजे तुमच्या गॅलरीतल्या भोपळीने यंदा काहीही बिघडवलेलं नाही, जे झालंय ते आधीच, शेतात झालंय. निकाल तुमच्या बाजूने.

आता शेतात काय झालं. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण मधमाश्या आणि इतर किडे इकडचे पराग तिकडे बऱ्यापैकी नेतात. त्यामुळे शेजारी शेजारी दोन जाती लावल्या की बियाणं पिढीगणिक मिसळत जातं. दुसरं, हल्ली बाजारात 'बेडगी' नावाने येणाऱ्या मालात बेडगीसारख्या दिसणाऱ्या हायब्रीडचा माल बराच असतो. हायब्रीडची पहिली पिढी एकसारखी, दिसायला देखणी. तिची बी धरून पेरली की आजी-आजोबांचे सगळे गुण सुटे होतात आणि तुमच्यासारखी दहा तोंडं दिसतात.

आता तुमचे उभे महाशय. वर तोंड करून वाढणं हा गुण मिरचीत दबका असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडून आला तर झाड लोंबतीच मिरची देतं, उभेपणा आत लपून राहतो. तुम्ही आणलेली मिरची लोंबत्या झाडाची होती आणि बियांतून उभं झाड निघालं, याचा सरळ अर्थ की त्या आईच्या पोटात उभेपणा लपलेला होता. शुद्ध बेडगीच्या आईकडे तो नसतो, आणि नसेल तर बाप कितीही उभा असला तरी पहिल्या पिढीला लोंबतीच फळं येतील. म्हणून माझं मत, पोत्यात हायब्रीड होतं किंवा आधीच्या कुठल्यातरी पिढीत भेसळ झालेली होती. व्यापाऱ्याला शिव्या घालू नका, त्यालाही बघून कळत नाही.

खोडावरचे जांभळे पट्टे म्हणजे अँथोसायनिन, जांभळाला आणि वांग्याला जो रंग असतो त्याच घरातला. काही जातींच्या सांध्यांवर असतो, काहींच्या कच्च्या फळावरही येतो, मग फळ जांभळं दिसतं आणि पिकताना लाल होतं. तिखटपणाशी याचं काही देणंघेणं नाही.

मी_पुणेरी_पण_ठाण्यात

आजी-आजोबा वगैरे ठीक आहे. पण तिखटपणा बियांत असतो हे तरी मान्य करा. ज्या मिरचीत बिया जास्त ती तिखट, वर घाटावरच्यांनीही डब्बीबद्दल तेच लिहिलंय.

बोकड्या

नाही हो. बी तिखट नसते. तिखटपणा तयार होतो तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात. बी त्याला टेकून बसते म्हणून तिला लागतो. घरी करून बघा, एक मिरची उभी चिरा, एक बी नीट धुऊन चावा, मग तो पांढरा पडदा चाटून बघा, आणि मग इथे येऊन लिहा. लिहिता आलं तर.

आता मूळ प्रश्न, दिसण्यावरून तिखटपणा का कळत नाही. मिरचीचा लाल रंग सालीत असतो, कॅप्सॅन्थिन आणि कॅप्सोरुबिन नावाची रंगद्रव्यं. तिखटपणा गाभ्यात असतो, कॅप्सायसिन. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळे कारखाने. एक जोरात चालला म्हणून दुसरा चालतोच असं नाही. बेडगीचा रंगाचा कारखाना तीन पाळ्यांत चालतो आणि तिखटाचा जवळजवळ बंद. तेजाचं उलट. भोपळीत तर तिखट बनवण्याच्या मुख्य जनुकाचा तुकडाच गळालेला आहे, पीयूएन१ म्हणतात त्याला, म्हणून ती कितीही पिकवा, कितीही उन्हात ठेवा, शून्य. आकाराचे जनुक पुन्हा वेगळेच. त्यामुळे आकार, रंग, साल आणि तिखट यांच्या वाट्टेल त्या जोड्या जुळतात, आणि कुठल्या गावाला कुठली जोडी आवडली तिथे ती टिकली.

नेरूळची_नलू

+१ बोकड्या. आमच्या मजल्यावरच्या तमिळ काकू गोल मिरची वापरतात, रामनाडची मुंडू, दिसायला सुकलेल्या बोरासारखी. वाळली की आत बिया खुळखुळतात, पिशवी हलवली की आवाज येतो. फोडणीत ती अख्खी टाकतात, फुगते आणि सांबारावर छान दिसते. लहान आहे, गोल आहे, पण लवंगीच्या पासंगालाही नाही तिखटात. तिला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून काकूंनी तेव्हा मजल्यावर लाडू वाटले होते, मिरचीसाठी लाडू, मी पहिल्यांदाच खाल्ले.

आणि सिक्कीमला गेलो होतो तिथे डल्ले, तीही गोल, लालभडक, चेरी म्हणून तोंडात टाकावी अशी. टाकू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने टाकली आणि पुढचा व्ह्यू पॉइंट त्याने गाडीतूनच बघितला. म्हणजे गोल मिरच्याही दोन, एक सौम्य एक जाळ.

घाटावरचा

वरंगळची चपाटा राहिली. टोमॅटो म्हणून विकली तर कोणी ओळखणार नाही अशी, गलेलठ्ठ, लालभडक आणि तिखट बेताचंच. लोणच्याला आणि रंगाला घेतात. तिलाही २०२५ मध्ये जीआय मिळालं.

संत्रा_इन_कोपरखैरणे

आमच्या विदर्भाचं कोणी नाव घेणार की नाही? भिवापुरी. नागपूर जिल्ह्यातला भिवापूर तालुका, तिलाही जीआय आहे. वडा-भाताबरोबर तेलात तळून चुरायची तर हीच. इथे कोपरखैरण्यात मागितली तर दुकानदार म्हणतो 'बेडगी घ्या ना ताई, कलर येईल'. अरे कलर घेऊन मी काय भिंत रंगवू?

खान्देशी_ठसका

कलरचा राग समजू शकतो ताई 😂 मी नंदुरबारचा, आता खारघरला. आमच्याकडे लाल मिरची ओलीच बाजारात येते, व्यापारी ती घेऊन पथारीवर वाळवतात, शहराबाहेर नजर जाईल तिथपर्यंत लाल. डिसेंबरात अवकाळी आला की त्या पथाऱ्यांवर काय होतं ते बघवत नाही.

सालीबद्दल एक सांगतो, ते वाळवताना समजतं. पातळ सालीची मिरची पटकन वाळते, आकसते, म्हणून तिच्यावर सुरकुत्या. जाड सालीची वाळायला दिवस लागतात, आत ओल राहते आणि बुरशी धरते. मेक्सिकोतली हालापिन्यो बघा, साल इतकी मांसल की उन्हात धड वाळतच नाही, म्हणून ते लोक ती धुरावर वाळवतात, त्यालाच चिपोत्ले म्हणतात. त्याच मिरचीच्या अंगावर करड्या रेघांची जाळी पडते, फळ आतून वेगाने फुगतं आणि सालीला तेवढं ताणता येत नाही म्हणून. आपल्याकडे अशी मिरची आली तर गिऱ्हाईक 'डागी माल' म्हणून परत करेल, तिकडे काही लोक मुद्दाम तीच वेचतात.

तेव्हा ठाण्या-नवी मुंबईत गॅलरीत वाळवणार असाल तर जाड सालीच्या भानगडीत पडू नका. खाडीची हवा आहे.

चेंदणीची_चिंबोरी

खाडीची हवा हाय ते खरं, पन आमी गच्चीवर पत्र्यावर टाकतो, पत्रा तापतो ना, खालून पन ऊन. संध्याकाली गोला करून गोणपाटात गुंडाळायची, रातभर दव लागू द्यायचा नाय.

गच्चीवरचा_गजा

घोडबंदरवरून लिहितोय. ईशान्येकडे पोस्टिंग होतं तेव्हा भूत जोलोकियाची रोपं आणली होती. तिकडे काय खडबडीत, खाचाखळग्यांची, सुरकुतलेली मिरची, नुसता वास घेतला तरी नाक गळायचं. इथे गच्चीवर लावली तर आकार तोच, खडबडीतपणाही तोच, पण तिखट निम्मं वाटलं. माझीच जीभ मेली का हवामान?

बोकड्या

हवामान. तेजपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या लोकांनी हीच मिरची ग्वाल्हेरला लावून तपासली होती, तिथल्या कोरड्या हवेत तिखटपणा निम्म्याच्या आसपास घसरला. दिसण्याचे गुण बरेचसे रक्तात असतात, तिखटपणा रक्ताबरोबर हवापाण्यावरही नाचतो. पाण्याचा ताण पडला की साधारणपणे मिरची जास्त तिखट होते. म्हणून एकाच झाडाची पावसाळ्यातली मिरची आणि मे महिन्यातली मिरची चवीला वेगळी लागते, हे ज्यांच्या घरी कुंडी आहे त्यांना माहीत असेल.

भूत जोलोकिया मुळात आपल्या नेहमीच्या मिरच्यांच्या कुटुंबातली नाहीच. माणसाने लागवडीत आणलेल्या मिरच्या पाच प्रजातींच्या. बेडगी, संकेश्वरी, गुंटूर, ज्वाला, भोपळी, हालापिन्यो ही सगळी भावंडं कॅप्सिकम अ‍ॅन्युअम, एकच प्रजाती, विश्वास बसत नाही पण आहे तसं. केरळातली कांताऱी आणि टबॅस्को सॉसवाली, त्या फ्रुटेसेन्स. भूत जोलोकिया आणि हबानेरो चायनेन्स, त्यातही जोलोकियात थोडं फ्रुटेसेन्सचं रक्त मिसळलेलं आढळलंय. उरलेल्या दोन दक्षिण अमेरिकेतल्या, बकाटम आणि प्युबेसेन्स.

फळावरून प्रजाती ओळखायला जाल तर फसाल, फूल बघा. एका सांध्याला एकच पांढरं फूल, बहुतेक अ‍ॅन्युअम. एका सांध्यावर दोनचार फुलं आणि फळाच्या टोपीखाली दोरा आवळल्यासारखी खाच, तर चायनेन्स. पांढऱ्या पाकळ्यांवर पिवळट-हिरवे ठिपके, बकाटम. जांभळं फूल, पानांवर लव आणि बिया काळ्या कुळकुळीत, तर प्युबेसेन्स, डोंगराळ थंड हवेतली, ती ठाण्यात जगवणं कठीण.

आणि जोलोकियाचा तो जाळ. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात बघितलं गेलं की अतितिखट मिरच्यांत तिखटाच्या पिशव्या नुसत्या गाभ्यावर नसतात, सालीच्या आतल्या बाजूवरही पसरलेल्या असतात. साध्या मिरचीचा पांढरा भाग काढला की ती खाण्याजोगी होते, जोलोकियाचा काढून काहीच उपयोग होत नाही तो यामुळे. २००७ मध्ये गिनीजमध्ये तिची नोंद झाली ती १०,०१,३०४ स्कोव्हिल एककांची, तिखटपणा याच एककात मोजतात. आता तो मान २०२३ पासून पेपर एक्सकडे, सरासरी २६,९३,०००. भोपळीचे शून्य.

मी_पुणेरी_पण_ठाण्यात

बी धुऊन चावली. ठीक आहे.

फोडणी

आणि पांढरा पडदा?

मी_पुणेरी_पण_ठाण्यात

त्यावर नंतर लिहितो.

ऐरोलीकरीण

पुणेरी काका दही खा 😂

बोकड्या, थँक्यू, भोपळीचा निकाल घरात मोठ्याने वाचून दाखवला. पण दोन गोष्टी राहिल्या. मुळात मिरचीला उभं राहायची हौस का? आणि माझ्या एका झाडाची पानं वर वळून होडीसारखी झालीत, ती जात आहे की आजार?

बोकड्या

पानांचं आधी. तो आजार, आणि माझ्या आयडीचा मान. बोकड्या किंवा चुरडामुरडा. पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली आणि पानाचा देठ लांबला तर कोळी. पांढरी माशी विषाणू आणते त्यानेही पानं गोळा होतात. शेंडा खुडून टाका, पानाच्या खालून जोरात पाणी मारा, निंबोळी अर्क फवारा आणि ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. या झाडाची बी धरू नका.

उभं राहण्याचं असं की जंगली मिरच्या जवळजवळ सगळ्या उभ्याच. मेक्सिकोतली चिल्टेपीन बघा, वाटाण्याएवढी, गोल, लाल, पानांच्या वर, आणि पिकली की टोपीतून अलगद सुटणारी. हे सगळं पक्ष्यांसाठी. पक्ष्यांना कॅप्सायसिन झोंबत नाही, त्यांच्या मज्जातंतूंवरचा झोंबणं टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) कॅप्सायसिनला दादच देत नाही, आपल्याला मात्र तोच ग्राहक आग लागल्याची वर्दी देतो. त्या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. उंदीर-घुशी चावून बी फोडतात, त्यांना तिखटाने लांब ठेवायचं आणि पक्ष्यांकडून बी पसरवून घ्यायची, असा मिरचीचा हिशेब.

माणसाने शेती सुरू केल्यावर उलटी निवड केली. पानांखाली लपणारी हवी, म्हणजे पक्षी खाणार नाहीत. टोपीला घट्ट धरणारी हवी, म्हणजे तोडायच्या आधी गळणार नाही. आणि मोठी हवी, मोठं फळ वजनाने लोंबतंच. आपल्याकडच्या वाळवायच्या बहुतेक जाती म्हणून लोंबत्या. पण उभ्याही मुद्दाम ठेवल्यात, पुसा सदाबहार झुपक्यात उभी येते, तोडणारीचा हात एकदा गेला की मूठभर निघतात. राहुरीच्या विद्यापीठाची फुले ज्योती तिचीही फळं झुपक्यातच.

संत्रा_इन_कोपरखैरणे

म्हणूनच बुलबुल! माझ्या ग्रिलमधल्या लवंगीवर रोज सकाळी बुलबुलाची जोडी, पिकलेली तेवढी बरोबर उचलतात, आणि आमच्या एसीच्या डबक्यात, जिथे धूळ साचलीये तिथे, मिरचीचं रोप आलंय. कोणी लावलं ते आता कळलं.

घाटावरचा

मला एक कायम वाटतं, मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे पाचशे वर्षांच्या आतबाहेरची गोष्ट. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी नि पिंपळी. एवढ्या काळात एका प्रजातीतून बेडगी, मुंडू, चपाटा, भिवापुरी, गोव्यातली काणकोणची खोला, राजस्थानातली मथानिया इतकी तोंडं निघाली, आणि यातली बरीचशी कुठल्या संशोधन केंद्रात घडलेली नाहीत, सुगीत बी धरताना 'ही चांगली दिसते, ही ठेव' म्हणणाऱ्या बायकांनी घडवलीत. माझी आजी बी धरायची ती मधल्या तोडणीची, फांदीच्या मध्यावरची, सरळ वाढलेली, टोकाला बाक नसलेली मिरची बघून. बाक असलेली खायला. हा तिचा नियम शेजारच्या गावात चालायचा नाही, तिथे बाकवालीच चांगली समजायचे. अशाने दोन गावांच्या मिरच्या दोन तऱ्हेच्या झाल्या तर नवल काय. आणि मग आपण बाजारात नाव विचारतो गावाचं. संकेश्वरी म्हणजे संकेश्वरच्या बाजारात येणारी, पिकते आजूबाजूच्या चाळीस गावांत, आणि त्या चाळीस गावांच्या मिरच्या पसरून ठेवल्या तर सारख्या दिसत नाहीत. ऐरोलीच्या गॅलरीत जे झालं त्यात मला बिघाड दिसतच नाही, मिरचीचा स्वभावच तो.

खान्देशी_ठसका

सहमत, पण व्यापाऱ्याला हे सांगू नका, तो भेसळीलाही स्वभाव म्हणेल.

नेरूळची_नलू

अवांतर पण कामाचं, भेसळीवरून आठवलं. बेडगीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून तर्री लाल होते ती वर तरंगणाऱ्या तेलात. ग्लासभर पाण्यावर तिखट भुरभुरवा, रंगाचे धागे पटापट खाली उतरायला लागले तर वरून रंग मारलेला असण्याची शक्यता. याच मिरचीचा काढलेला तेलकट रंग म्हणे लिपस्टिकलाही वापरतात, म्हणजे पोत्यातला माल आपल्या पर्समध्येही आहे.

चेंदणीची_चिंबोरी

आमी तर तोंडालाच लावतो, सुक्या जवल्याबरोबर.

ऐरोलीकरीण

वाखु (वाचनखूण) साठवली सगळ्यांचे प्रतिसाद वाचून. आता मला त्या सुरकुतलेल्या लांब झाडाची आणि उभ्या महाशयांची बी धरायचीये. पुन्हा दहा तोंडं व्हायला नकोत, निदान पाच तरी व्हावीत. काय करू?

बोकड्या

फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळी पांढरी फुगलेली दिसते, त्या फांदीवर मलमलची छोटी पिशवी सैल बांधा. किडा आत जायला नको. आतल्या आत परागण व्हावं म्हणून रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, नाहीतर कोणीतरी तीच मिरची पोह्यात टाकतं, दर वर्षी माझ्याकडे निरोप येतात. झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, सावलीत वाळवा, कडक उन्हात बी भाजते.

उभ्याचं काम सोपं. उभेपणा दबका असल्यामुळे जे झाड उभं दिसतंय त्याच्यात लोंबता गुण शिल्लकच नाही. पिशवी बांधून धरलेल्या बियांची सगळी रोपं उभीच येतील. लांबी, रंग आणि तिखटात मात्र अजून फाटे फुटतील. लांब सुरकुतलेलीला वेळ लागेल. तिच्या बियांतून आलेल्यांपैकी मनासारखं एक झाड ठेवा, बाकीची खा, पुन्हा त्याचीच बी. सहासात पिढ्यांनी बऱ्यापैकी एकसारखी होईल. गॅलरीत वर्षाला दोन पिढ्या निघू शकतात.

घाटावरचा

आणि तोपर्यंत खरी संकेश्वरी हवी असेल तर मी गावाहून आणलेली बी देतो, कळव्याला राहतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त ती भोपळीच्या शेजारी लावू नका, बियांसाठी म्हणतोय, घरच्यांना सांगू नका.

ऐरोलीकरीण

व्यनि केलाय. आणि भोपळीची कुंडी हलवतेय बेडरूमच्या खिडकीत, कारण विचारलं तर सांगेन तिकडे ऊन चांगलं येतं.